धक्क्याखालची सावली

पृथ्वीच्या दक्षिणेकडे, नदीच्या मुखावरच्या आमच्या या बेटांवर जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि ऊन म्हणजे नुसता जाच. त्यात आमचा कुत्रा, तीतो! प्रवासी लाँच दिसली की हा धक्क्यावरून उडी टाकणार, थेट तिच्या पंख्याकडे पोहत जाणार, आणि मी होडी काढून ह्याला मानगुटीला धरून आणणार. म्हातारा झालाय, धाप लागते; पण अक्कल? नाव नको. मीही साठीची. अगदी वैतागून गेले होते.

"सोडून ये त्याला कुठंतरी," माझा नवरा एवारिस्तो रोज म्हणायचा. "नाहीतर मला तरी सोडून ये."

त्या दिवशी मी या बेटांवर उन्हात सगळेच आपल्या कुत्र्यांसाठी करतात तेच केलं. ओहोटीला धक्क्याखालचा चिखल उघडा पडतो. गार असतो, वर फळ्यांची सावली. लांब दोर खांबांना गुरफटतो, म्हणून तीतोला आखूड बांधलं आणि भरतीच्या आत परतायचं ठरवून होडी वल्हवत पलीकडे बहिणीकडे गेले. तिच्याकडे येर्बाचा कडू काढा प्यायले, जरा आडवी झाले, तर डोळाच लागला.

जाग आली ती खिडकी आपटल्याने. आग्नेयेचा वारा! हा सुटला की समुद्र नदीला मागे रेटतो आणि बघता बघता पाणी अंगणात येतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"अगं बाई, कुत्रा!" मी तशीच धावले.

वारा तोंडावर. वल्ही मारून मारून खांदे निखळायला आले. देवालाही शिव्या घातल्या. धक्का दिसला तेव्हा फळ्यांखाली वीत-दीड वीत जागा उरली होती, आणि त्या फटीत दोन डोकी. एवारिस्तो गळाभर पाण्यात उभा होता, दोन्ही हातांनी तीतोचं तोंड वर धरून.

"गाठ भिजून दगड झालीय," तो म्हणाला. "काप."

मासे साफ करायची सुरी होडीतच होती. दोर कापला. तीतो काठावर जाऊन ओकत पडला. एवारिस्तोला मी ओढून वर घेतलं, पण त्याचे हात काही खाली येईनात.

"घर इथं हाकेवर! सुरी आणायला काय झालं होतं?"

"हात काढला की बुडत होता गं."

"मग हाक मारायचीस कुणाला तरी!"

"तुलाच मारत होतो," तो म्हणाला. आवाज पार बसला होता. "कधीपासून."

मला रडू कोसळलं. त्याचे ते आखडलेले हात मी चोळत राहिले.