बाहेर जाणारी हवा

वहिनी त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून अख्खी गल्लीच भाऊजी म्हणायला लागली. धंदा गाड्या रंगवायचा. खाली त्यांचं वर्कशॉप, वर वहिनींचं शिवणकाम: डॉक्टरांचे पांढरे कोट. थोरला भाऊ गेल्यापासून घरात ही दोनच माणसं. भांडायची कडकडून, पण जेवायची एकत्र.

तर हे भाऊजी छोट्या धंद्यांच्या सल्लागार मंडळावर गेले आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं. हवेच्या प्रदूषणाचा नवा नियम आला की छोट्या दुकानदाराची पाचावर धारण बसते. इन्स्पेक्टर यायच्या आत त्याच्याकडे जायचं, चुकतंय कुठे ते बघायचं आणि न ओरडता समजावायचं, हे मंडळाचं काम. त्यातलं 'न ओरडता' भाऊजींना जरा जड जायचं. बेकरीवाल्या मावशींना ते धुराड्याची उंची शिकवायचे, ड्रायक्लीनवाल्याला डब्यांची झाकणं. वर घरी येऊन तेच सगळं वहिनींना पुन्हा.

"भाऊजी, वरती थिनरचा वास येतो हो," वहिनी म्हणायच्या.

"मग मला कसा येत नाही?" झालं, विषय संपला.

अहो, येणार कुठून? सगळी हयात थिनरमध्ये गेलेली. नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता, फक्त मालकाला कळवलं नव्हतं.

एका सोमवारी मंडळाच्या बैठकीत अर्जदार म्हणून कोण यावं? वहिनी!

"कोटांना वास बसतो, गिऱ्हाइकं परत करतात," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे खोली बघितलीय. शनिवारी टेम्पो सांगितलाय. त्याआधी काही होत असेल तर बघा."

भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. वहिनी जाणार? आणि घरात उरणार कोण, आपण आणि भिंती?

"हा नक्की मागचा छापखानेवा—" भाऊजी उसळले.

"नाव नाही घ्यायचं!" बेकरीवाल्या मावशींनी दटावलं; त्या आणि ड्रायक्लीनवाला आता मंडळावरच होते. भांडणं लागू नयेत म्हणून टेबलावर कोणाचं नाव काढायचं नाही, ही मंडळाची जुनी रीत.

"बरं, नाही घेत. पण वहिनी, जो कोण असेल ना, त्याला ठणकावून सांगा. आधी काम बंद, मग बाकीचं! शेजाऱ्याच्या जिवावर धंदा करतो म्हणजे काय? लाज कशी वाटत नाही मेल्याला!"

"सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळ पाहणीला आलं. भाऊजी सगळ्यांच्या पुढे, थेट मागच्या छापखान्याच्या दिशेने. मावशी मात्र त्यांच्याच वर्कशॉपच्या मागे, रंगाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याशी थांबल्या.

"इथे काय बघताय? माझा रंग बघा, धुळीचा कण सापडला तर नाव बदलेन! नवेकोरे फिल्टर आहेत."

"आत येणाऱ्या हवेला की बाहेर जाणाऱ्या?"

"आत येणाऱ्या. रंगावर धूळ बसू नये म्हणून. जुने झाले की तेच बाहेरच्या पंख्याला..." बोलता बोलता भाऊजींची गाडी अडखळली.

वहिनींनी पिशवीतून कोटाची एक पांढरी बाही काढून पंख्यासमोर धरली. थोड्या वेळाने त्यावर बारीक लाल ठिपके उठले. आत कामाचा पोरगा रंगवत असलेली गाडी लालच होती.

मावशी आणि ड्रायक्लीनवाला एकदम आभाळाकडे बघायला लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच!

"काम बंद," भाऊजी पुटपुटले. अर्धी लाल गाडी तशीच सोडून त्यांनी मशीन थांबवलं. मग मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, मला खरंच वास येत नाही हो. कधी गेला तेही कळलं नाही. माझं चुकलं."

"टेम्पो सांगून झालाय," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

त्यानंतर भाऊजींचं ताट खाली झाकून यायचं. भाऊजी एकटेच जेवायचे, जेवणाची चव लागायची नाही.

शनिवारी टेम्पो दारात लागला. वहिनी पुढे बसून निघून गेल्या. सामान नेलं नाही, हे भाऊजींच्या लक्षातही आलं नाही. ते वर्कशॉपच्या पायरीवर बसले आणि चक्क रडले.

तासाभराने टेम्पो परत आला. मागे वास शोषणाऱ्या कोळशाच्या फिल्टरचे खोके.

"बघता काय? उतरवा," वहिनी म्हणाल्या. "टेम्पो सांगितलाच होता, वाया कशाला घालवायचा?"

भाऊजींनी बाहेरच्या पंख्याला नवे फिल्टर बसवले, लाल रंगाचा एक हात मारला आणि जिन्याखाली येऊन हाक दिली, "वहिनी, येतोय का वास?"

वर खिडकी उघडल्याचा आवाज.

"नाही येत. हात धुवा आणि जेवायला वर या."