अध्यक्षांना पाणी पाजण्याचा प्रयत्न

डॉक्टरबाईंनी उमेदीची वर्षं लोकांचे जुलाब थांबवण्यात घालवली. पेशंट बरा व्हायचा, घरी जाऊन नळाचं पाणी प्यायचा आणि परत यायचा. काही जण तर निघताना बाकावर रुमाल टाकून जागा धरायचे. शेवटी बाईंनी दवाखाना सोडून शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची घेतली. म्हटलं, पेशंट पुरेत, आता शहराची पाण्याची टाकीच बरी करू.

टाकीत गटार झिरपत होतं. बाईंनी टाकी बंद करा म्हणून सांगितलं.

नगराध्यक्ष म्हणाले, "बाई, अहवालात जुलाबाचं कारण 'हवामान' लिहा. हवामान कुणावर दावा लावत नाही."

"हवामानाला गटाराचा वास येत नाही, साहेब."

"मग घरी बसा."

बाई घरी बसल्या, पण फक्त जेवणापुरत्या. उठल्या त्या थेट अध्यक्षांच्याच विरोधात अर्ज भरायला.

आई म्हणाली, "अगं, तुला धड भाजीवाल्याशी घासाघीस जमत नाही."

"मतं मागणारे मी, भोपळा नाही."

"तोच मिळेल."

सभेत दोघं एकाच व्यासपीठावर आले. बाईंनी हवामानाचा किस्सा सांगितला, सभागृहातल्याच नळाचा पेला भरला आणि अध्यक्षांपुढे ठेवला. "एवढं प्या. अर्ज मागे घेते."

अध्यक्षांनी आपली बाटली जवळ ओढली. "तहान नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या साहेब, हवामान छान आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंना पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. अध्यक्षांची तक्रार होती: भर सभेत विष पाजण्याचा प्रयत्न.

"पाण्यात बाईंनी काय मिसळलं?" इन्स्पेक्टरनी समोर बसलेल्या अध्यक्षांना विचारलं.

"काही नाही. नळाचंच होतं."

इन्स्पेक्टरनी ते शांतपणे लिहून घेतलं. मागे हवालदार पाण्याचा तांब्या कुंडीत ओतून आला.

"म्हणजे विष नळातच आहे. टाकीला सील ठोकावं लागेल, साहेब," इन्स्पेक्टर म्हणाले.

"तक्रार मागे घेतो मी."

"मग पाणी चांगलं आहे," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या नळाखाली पेला धरून तो टेबलावर ठेवला.

अध्यक्षांनी पेल्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. पेन मागितलं आणि तक्रार कायम ठेवून तिच्यावर सही केली.

टाकीला त्याच दिवशी सील लागलं. बाई प्रचाराला निघाल्या तेव्हा आई दारात उभी होती.

"अध्यक्षांना पाणी पाजलंस म्हणे."

"कुठे गं," बाई चपला चढवत म्हणाल्या, "प्यायलेच नाहीत."