आजची चूक

गणिताच्या सरांना एक जुना नाद होता. फळ्यावर रोज एक चूक मुद्दाम करायची आणि पोरांनी ती तास संपायच्या आत शोधायची. सापडली की उभं राहून म्हणायचं, "सर, आजची चूक." बक्षीस काही नाही. सर पक्के चिकट.

मग त्यांची ताई गेली. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात भांडत, सुखाने राहिले. आठव्या दिवशी सर शाळेत हजर. रडणं नाही, बोलणं नाही. घर खायला उठतं म्हणून आले, एवढंच. खेळ ते साफ विसरले होते. चुका मात्र होत होत्या, तासाला तीन-तीन, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

वर्गात हूं की चूं नाही. सरांच्या शर्टाचं बटण तुटलं तरी फिदीफिदी हसणारी ती नववीची कार्टी मुकाट बसून वहीत बरोबर उत्तर लिहायची.

शेजारच्या वर्गावरच्या भूगोलाच्या बाईंनी एकदा फळा पाहिला आणि मुख्याध्यापिकेच्या कानावर घातलं. झालं! मोठ्या बाईंनी सरांना बोलावलं.

"उद्या तुमच्या तासाला बसते. जमत नाही असं दिसलं, तर वर्षभर रजा घ्या. तुमच्याच भल्याचं सांगतेय."

"बरं," सर म्हणाले. भीती वाटायला हवी होती, तीही वाटेना. फक्त ताईची रिकामी खुर्ची दिसली, आणि तिच्यासमोर काढायचं अख्खं वर्ष.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. सरांनी लिहिलं : १० − (४ − १). कंस सोडवला, आतलं चिन्ह बदलायचं राहिलं, उत्तर आलं पाच. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

किनऱ्या आवाजाची म्हणून जिला सगळे चिमणी म्हणत, ती पोरगी ताडकन उभी राहिली. "सर, आजची चूक. उत्तर सात." मग मागे वळून, "बाई, सर रोज एक मुद्दाम करतात. आम्ही शोधायची."

पुढच्या उदाहरणात खिडकीजवळचा लंबू उठला. "सर, आज दोन ठेवल्यात?"

बाई चक्क हसल्या. "पद्धत छान आहे. चालू द्या," म्हणाल्या आणि गेल्या.

सर खडू धरून उभे. "मी मुद्दाम नव्हती केली."

"ठाऊक आहे, सर," चिमणी म्हणाली. "पुढचं उदाहरण सांगा."

बधिर पायात मुंग्या याव्यात, तसं सरांना आत कुठेतरी झालं. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "चौथं घ्या."

त्या संध्याकाळी खुर्चीसमोर बसून त्यांनी एक चूक बेतली. सकाळी ती फळ्यावर लिहिली आणि वाट पाहिली. एकही हात वर नाही. सगळ्या माना वहीत, पेनं चालू. इतके दिवस हे असं चाललं होतं तर! पोरांनी आपल्याला सांभाळलं, आणि आपल्याला कळलंही नाही.

"अरे, शोधा की. आज खरंच मुद्दाम केलीय."

चिमणीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग उठली. "सर, आजची चूक. दुसरी ओळ."

"शाबास. फार उपकार आहेत तुमचे माझ्यावर."

वर्ग अवघडला. चिमणी उभीच.

"सर, खाली अजून एक आहे."

सरांनी पाहिलं. ती काही त्यांनी ठेवलेली नव्हती.

"ती माझी," ते म्हणाले. "तीही दाखवत जा."