तळाला काच लावलेला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मूळचा पंधरा किलो सिंगतेलाचा. माझ्या एका बाजूवर शेंगांचं चित्र होतं, आता ते ओळखू येत नाही. सुरतेत माझ्यासारखे डबे घरोघरी सापडतील. कुणात पीठ असतं, कुणात तुळस लावलेली असते. पण मित्रांनो, माझा तळ कापून तिथे काच बसवली गेली, आणि माझं आयुष्य बदललं.

हे काम हिलाल आप्पांनी केलं. ते पारोळ्याकडून सुरतेला आलेले, उधन्याच्या एका कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारे फिटर होते. घरचे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. १९९० सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी माझ्या कडा कानशीने घासल्या, काच बसवली आणि चारही बाजूंच्या फटींत लांबी, म्हणजे काच पक्की करायचा लगदा, भरली. मग मला पाण्याच्या टाकीत दाबून धरलं. आत एक थेंबही आला नाही. आप्पांनी माझ्यावर थाप मारली. तो माझा पहिला सन्मान.

रविवारी आप्पा तरणतलावावर पोहायला जात. तिथले शिक्षक रघुनाथभाई यांनी सात-आठ हौशी माणसं जमवली होती. दर हिवाळ्यात ही मंडळी जामनगरच्या पुढे कच्छच्या आखातात जात, परवानगी काढून समुद्रात बुड्या मारत आणि पोवळ्यांमधले जीव बघून येत. परत आल्यावर सुरतेच्या शाळांमध्ये ते सांगत. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काय करायचं, असा प्रश्न निघाला, तेव्हा आप्पांना मी सुचलो.

मला पाण्यावर टेकवलं की लाटांची चकाकी नाहीशी होई आणि खालचं सगळं स्पष्ट दिसे. बोटं पसरलेली पोवळी, समुद्रफुलं, रंग बदलून दगड होणारी माकुळं. कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले लोक माझ्यात डोकं खुपसत आणि "अरे बापरे!" म्हणत. तो आवाज माझ्या पत्र्यात घुमे. खाली मला आप्पा दिसत. त्यांना पाण्याबाहेर यावंसं वाटत नसे. ते म्हणत, "खाले गयं का कानमातला माग बंद पडस."

सुंदराबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे पटत नसे. "घरमा नळनं पानी भराले येळ नही, आन समुद्रमा बुड्या माराले शे!" असं त्या शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. म्हणत, पण प्रवासाच्या भाकरी त्याच बांधून देत.

शाळेत तर मजा असे. आप्पांनी एका पत्र्यावर ऑइलपेंटने पोवळी आणि मासे रंगवले होते. तो पत्रा मोठ्या टबाच्या तळाशी ठेवून वर पाणी भरायचं आणि हाताने ढवळत राहायचं. मुलांना वरून नुसते रंग हलताना दिसत. मग माझ्यातून बघितलं की प्रत्येक मासा जागच्या जागी. "पोवळं दगड नाही, झाड नाही, जनावर आहे," आप्पा सांगत. "बघायचं, हात लावायचा नाही."

हा त्यांचा नुसता उपदेश नव्हता. एका वर्षी मंडळींपैकी एकाने जिवंत तारामासा पिशवीत घालून आणला होता. तेव्हा आप्पांनीच नियम करायला लावला की जो जिवंत काही उचलेल, तो पुन्हा आपल्याबरोबर पाण्यात उतरणार नाही. तो माणूस पुन्हा आला नाही.

आता मला पुढचं सांगायचं आहे. सांगायला जड जातं.

आप्पांना एकच मुलगी, हर्षदा. तिला समुद्र दाखवायचं ते दर वर्षी ठरवत. १९९५ च्या जानेवारीतली ओहोटी तिच्यासाठी राखून ठेवली होती. पण त्याआधीच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, शाळा बंद राहिल्या, माणसं मिळेल त्या गाडीने गावी गेली. परतल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढायला दहावीचे वर्ग रविवारीही भरू लागले. हर्षदा दहावीत होती. ती राहिली.

निघताना ती दारात उभी होती. मी आप्पांच्या हातात होतो.

"आखा सुरतले दखाडतस," ती म्हणाली, "माले नही."

"पुढला साल, बेटा."

"दर साल पुढला साल. मनाकरता एक तरी पोवळं लई या."

आप्पांनी मला काखेत धरलं आणि ते पायऱ्या उतरले.

त्या ओहोटीला ते एकटे बाजूला गेले. मुठीएवढं एक पोवळं त्यांनी खालच्या दगडापासून सोडवलं. मग मला नेहमीसारखं पाण्यावर टेकवलं नाही. माझ्यात समुद्राचं पाणी भरलं. माझं सगळं काम पाणी बाहेर ठेवण्याचं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी भरलो. ओला टॉवेल झाकून त्यांनी मला गाडीत मांडीवर घेतलं. सोबत्यांना सांगितलं, कपडे आहेत.

राजकोटपर्यंत त्या पोवळ्याची बारीक बोटं बाहेर होती. अहमदाबादला पाणी कोमट झालं आणि बोटं आत गेली. सुरत येईपर्यंत पाण्यावर पांढरट तवंग आला होता. माझ्या लांबीचं केवढं कौतुक होतं! त्या दिवशी एक थेंब बाहेर गेला नाही. मी वाटेत गळलो असतो, पहिल्याच स्टेशनवर, तर आप्पांनी ते परत नेलं असतं. असं मला अजून वाटतं.

"काय मरेल शे ह्या डबामा?" सुंदराबाईंनी नाकाला पदर लावला.

आप्पा ओट्यावर बसून राहिले. हर्षदाने मात्र ते पोवळं धुतलं, गच्चीवर वाळवलं. पांढरंशुभ्र झालं. तिने ते दप्तरात घालून शाळेत नेलं आणि मैत्रिणींना दाखवलं.

पंधरा दिवसांनी त्याच शाळेत कार्यक्रम होता. टब भरला, मी तयार होतो, रघुनाथभाई मागे उभे होते. आप्पांनी नेहमीसारखं सांगितलं, "बघायचं, हात लावायचा नाही." तेव्हा शीतल नावाची मुलगी उभी राहिली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"पण काका, हर्षदाकडे आहे की. तिने आम्हाला दाखवलं."

आप्पा सांगू शकले असते की किनाऱ्यावर पडलेलं सापडलं. त्यांनी ढवळणारा हात पाण्यातून बाहेर काढला.

"हो. मी आणलं. जिवंत होतं."

"कुणासाठी?" रघुनाथभाईंनी विचारलं.

"माझ्या हौसेसाठी."

हर्षदा तिसऱ्या बाकावर होती. मला तिचे हात दिसत होते, बाकाची कड धरलेले. "मी मागितलं होतं," एवढेच तीन शब्द. ते तिने म्हटले नाहीत.

बाहेर आल्यावर रघुनाथभाई म्हणाले, "अरे हिलालभाई, चालशे. एक वार तो भूल थाय."

"त्या तारामाशावाल्याला आपण हे म्हटलं नव्हतं," आप्पा म्हणाले.

त्यानंतर ते समुद्रात उतरले नाहीत. दर हिवाळ्यात रघुनाथभाई बोलवायला येत, चहा पिऊन परत जात. मी माळ्यावर गेलो. माझी लांबी सुकली, तडकली. खाली घरात बापलेक जेवत, बोलत, हसतही. आप्पांनी हर्षदाला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. तिनेही विषय काढला नाही. उद्या बोलू, असं तिला वाटत असावं. १९९९ च्या पावसाळ्यात कारखान्यातच आप्पांच्या छातीत दुखलं. संध्याकाळी ते घरी आले नाहीत.

दिवाळीनंतर हर्षदाने मला खाली काढलं. जुनी लांबी खरवडली, नवी भरली. तिला ती एकसारखी भरता आली नाही. मग रघुनाथभाईंना निरोप पाठवून ती मला त्याच शाळेत घेऊन गेली. टब, रंगवलेला पत्रा, सगळं तेच. मुलांनी रांगेने बघितलं. शेवटी तिने पिशवीतून ते पांढरं पोवळं काढलं.

"हे मेलेलं आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी आणलं होतं. त्यांनी सांगितलं, स्वतःच्या हौसेसाठी. ते खरं नव्हतं. मी मागितलं होतं."

मागे रघुनाथभाईंनी चष्मा काढला.

पुढे बसलेल्या एका लहान मुलीने विचारलं, "ताई, मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

हर्षदा पाण्यात हात घालून ढवळत राहिली, खालचे रंग हलत राहिले. माझ्या एका कोपऱ्यातून आत पाणी झिरपू लागलं होतं.

मित्रांनो, मी आता थोडा गळतो, तरी कामाला येतो. माझ्यातून बघा, पोटभर बघा. पण जे जिथे जिवंत आहे ते तिथेच राहू द्या. ज्याच्यावर माया आहे त्याच्याकडे असं काही मागू नका की देताना तो स्वतःचा शब्द मोडेल. आणि मागितलंच असेल, तर तो समोर उभा असताना मोठ्याने सांगा, की मी मागितलं होतं.