पुलाच्या तोंडाशी असलेलं खाजण

जेवण झालं की धर्मराज गॅलरीतल्या आरामखुर्चीत पडायचे आणि गाडीची वाट बघायचे. कुठं जायचं नसायचं. झोपायचं असायचं.

खांदेश्वरच्या बाजूला खाडीच्या एका फाट्यावर रेल्वेचा पूल आहे. पुलावर गाडी खणखण वाजते आणि पूल संपून मातीच्या भरावावर उतरली की एकदाच 'धप्प' करते. त्या भरावाखाली धर्मराजांचं भाताचं खाजण होतं, खाडीकाठचं खारं शेत. भूसंपादनात गेलं. पण धप्प झालं की धर्मराजांचे डोळे मिटत आणि ते सातव्या मजल्यावरून थेट गुडघाभर चिखलात उतरत. भात पोटरीला आलेला असे, चिखलातले निवट्या मासे पायांना गुदगुल्या करत, आणि वर कुठंतरी ढगासारखी गाडी निघून जाई. चहाला बायकोनं, विमलबाईंनी, हाक मारली की ते पाय झटकत उठत. नुकत्याच पुसलेल्या लादीवर चिखल नाही, याचं त्यांना रोज नवल वाटे.

शेजारचं खाजण चुलतभाऊ भगवानचं. एका सुगीत त्याला भारे न्यायला धर्मराजांनी आपल्या बांधावरून वाट दिली नव्हती, तेव्हापासून दोघांत अबोला. पुढं दोन्ही शेतं गेली, बांध गेला. अबोला तेवढा कुणी संपादित केला नाही. मोबदल्यात दोघांच्या वाट्याला आलेल्या प्लॉटवर मिळून एकच इमारत उभी राहिली. लिफ्ट मात्र दोन.

नातजावई अभिराम रेल्वेत इंजिनीअर. एका रविवारी जेवायला आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आजोबा, तो पुलाजवळचा धक्का आता जाणार."

"जानार? कुठं जानार?"

"म्हणजे बंद होणार. पूल खडकावर उभा आहे, तो हलत नाही. भराव चिखलावर आहे, तो दबतो. मग पूल संपतो तिथंच रूळ खाली बसतो. खडी ठोकून वर घेतला तरी पुन्हा बसतो. आता पुलाला लागून भरावात काँक्रीटचा स्लॅब टाकतोय."

"माजं शेत बंद करताव?"

अभिराम विमलबाईंकडे बघत राहिला. विमलबाई म्हणाल्या, "भात वाढू?"

स्लॅब पडला. गाडी पुलावरून गुपचूप उतरू लागली आणि धर्मराजांची झोप गेली. दुपारभर ते टक्क डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसत. विमलबाईंनी खसखशीची खीर दिली, डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीनं झोप आली, पण कोरडी. तिच्यात शेत नव्हतं. नुसता अंधार, तोही सोसायटीच्या पार्किंगसारखा.

दिवाळी झाली आणि एका दुपारी पुन्हा 'धप्प' ऐकू आलं. जरा पुढून. धर्मराजांनी घाईघाईनं डोळे मिटले, उतरले आणि चिखलात पाय पडताच थबकले. भात ओळखीचा होता, आपला नव्हता. ते तसेच जागे झाले.

फोनवर अभिराम ओशाळून म्हणाला, "धक्का गेला नाही आजोबा, सरकला. स्लॅब जिथं संपतो तिथं आता रूळ बसतोय."

"मना ठाव हाय," धर्मराज म्हणाले. "भगवानच्या खाजनात बसतोय."

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा दुसऱ्या लिफ्टनं वर गेले. दार भगवाननंच उघडलं. 'ये' म्हणाला नाही, पण दारही लावलं नाही.

"भगवान, मना वाट पायजे. तुज्या खाजनातून माज्या खाजनात."

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर त्यानं धर्मराजांच्या घरी फोन केला असता. भगवाननं हनुवटी खाजवली. खिडकीतून पुलाकडं बघत पुष्कळ वेळ विचार केला. त्या सुगीत डोक्यावर भारे घेऊन त्याला पार खाडीच्या कडेनं वळसा घालावा लागला होता. तेवढा वळसा तो आता मनातल्या मनात पुन्हा घालून आला असावा.

"बांधावरनं जा," शेवटी तो म्हणाला. "भात तुडवू नको."

"नाय तुडवनार."

"आनि जाताना हाक मार. दुपारचा मी बी तिथंच असतो, दिवाळीपासून."