चौदाची अठरा

कोल्लमच्या त्या काजू कारखान्यात ओणमच्या तोंडावर फळ्यावर नोटीस लागली: सोलण खात्यातल्या पंचावन्नवरच्या बायकांचे हात मंदावले आहेत, सणानंतर त्यांनी कामावर येऊ नये. वाचून भार्गवी हिशेब करू लागली. रजिस्टरात ती छप्पन्नची होती, आणि लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं होतं.

गंमत अशी की ती खरी बावन्नचीच होती. चौदाव्या वर्षी कामाला आली तेव्हा जुन्या मॅनेजरने तिला बिनदिक्कत अठराची लिहून घेतलं होतं. तपासणीला कुणी आलं की थोरल्या बाईचं मुंडू नेसवून, उंच दिसावी म्हणून तिला विटेवर उभं करायचे. अशा अर्ध्याअधिक बायका तिथे होत्या, आणि ते खोटं वय त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की खरं कुणी काढतच नसे.

भार्गवीने शाळेतून दाखला आणला आणि मॅनेजर जयदेवनपुढे ठेवला. त्याचा चेहरा खुलला. तिच्याइतका चपळ हात खात्यात दुसरा नव्हता, तिला घालवणं त्याच्याही जिवावर आलं होतं.

"मग झालं की, भार्गवीचेची. तुम्ही राहा. बाकीच्यांचं बघू."

तिथेच ती हो म्हणून उठली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण अडतीस वर्षं मांडीला मांडी लावून काजू सोललेली जानकी दाराबाहेर उभी होती, आणि ती खरोखरच सत्तावन्नची होती. भार्गवीला उठवेना.

"सर, कारखान्याच्या नियमात साठ लिहिलंय. पंचावन्न कुठून काढलंत?"

जयदेवन पुन्हा मंदावलेल्या हातांवर आला. तिने शांतपणे विचारलं की हात मोजले कुणी, आणि भट्टीवरच्या पुरुषांचे का नाही मोजले. मग दाखल्यावर बोट ठेवलं.

"हा मी एकटीनं आणला तर नुसतं वय दुरुस्त होईल. सगळ्याजणींनी आपापले दाखले कामगार ऑफिसात नेले, तर ते विचारतील, चौदाची पोर इथं कामाला लावली कुणी?"

जयदेवनने दाखला दोनदा वाचला आणि स्वतः जाऊन नोटीस काढली. बाहेर जानकीने डोळ्यांना पदर लावला आणि त्यातच हसू लागली.

परत येऊन त्याने रजिस्टर उघडलं. बावन्न करायचं ना, असं कसनुसं हसत विचारलं.

"करा," भार्गवी म्हणाली. "म्हणजे अजून आठ वर्षं आहे मी इथं. पाठ टेकायला खुर्च्या मागवा आता सगळ्यांना. विटेवर उभं राहायचं वय गेलं, सर."