चौथी उतरली

आमच्या इमारतीची लिफ्ट मी एकतीस वर्षं चालवली, त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगेन त्यातलं निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही. उरलेल्या निम्म्याचं लिफ्टच्या मिस्त्रीला विचारा. तो नाही म्हणेल. पण त्याला मुळात ऐकूच कमी येतं, तेव्हा तो कशाला नाही म्हणतोय हे त्यालाच ठाऊक नसतं.

त्या दिवशी सकाळी अकराला माझी पुतणी गिटार घेऊन लिफ्टमध्ये शिरली. आठव्या मजल्यावर तालमीची खोली आहे. दोन महिने बाईसाहेब एकाच धुनेवर अडल्या होत्या.

"काका, नेहमीसारखी लावली की ही गिटार नुसती बोलते. मला हिने गुंजायला हवंय. पाण्याखालून ऐकू यावं तसं."

"मग बुडव की पाण्यात."

"तुम्हाला बुडवते आधी."

तिला असा मेळ हवा होता, की डाव्या हाताचं एकही बोट पट्टीवर न ठेवता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी सहाही जणी एकमेकींत मिसळून रेंगाळत राहतील. रोज खुंट्या पिळायची, रोज रडकुंडीला यायची.

चौथा मजला ओलांडला आणि लिफ्ट गचकन थांबली. दिवा गेला, कोपऱ्यातला छोटा पिवळा दिवा लागला. मी आरोळी ठोकली. वर, यंत्राच्या खोलीत, मिस्त्री होताच.

"ब्रेक अडकलाय!" तो वरून ओरडला. "बसा गप्पा मारत. दोर तपासतो नि आलो!"

दोर म्हणजे पोलादी, अंगठ्याएवढे जाड, सहा. ते सारखे ताणलेले हवेत. पान्याने ठोकले तर सहाही दोरांतून एकच सूर यायला हवा. पण आमच्या मिस्त्रीने बारा वर्षांत त्यांचा ताण तपासला नव्हता. त्यामुळे त्याने एकेक दोर ठोकला तसे छताच्या जाळीतून वेगवेगळे सूर खाली आले. ठण्ण. ठम्म. ठिण्ण.

पुतणीने माझं मनगट धरलं. "काका, श्वास घेऊ नका."

"का, हवा संपली?"

"सूर ऐका हो!"

भराभरा गिटार काढून तिने पहिल्या दोराशी पहिली तार जुळवली, दुसऱ्याशी दुसरी. काही तारा उतरवल्या, एखादी जराशी चढवली, आणि सहाही लागल्यावर वरून खाली नुसता अंगठा फिरवला. काय सांगू! एकतीस वर्षांत त्या लोखंडी पेटीत मला पहिल्यांदा झोप यावीशी वाटली. सूर भिंतींना लागत होते आणि परत येताना मऊ होऊन येत होते. दोन महिने जे सापडत नव्हतं, ते मिस्त्रीच्या आळशीपणाने तिला फुकटात दिलं.

ती हसली. आणि तेवढ्यात वर आवाज झाला: टिक्. कोणी नख मोडावं इतका बारीक.

अवजार आणायला गेलेला मिस्त्री परतला आणि पुन्हा दोर ठोकू लागला. चौथ्या ठोक्याला पुतणीचं हसू मावळलं. "चौथी उतरली."

"तुझी खुंटी सैल असेल," मी म्हणालो. देवा, खुंटीच असू दे.

तिने चौथी तार तिसरीशी ताडून पाहिली, पाचवीशी पाहिली. "माझी जागेवर आहे, काका. दोर उतरतोय."

टिक्.

कागदोपत्री पाच दोर पुरतात. पण कागद लिफ्टमध्ये बसत नाही. चौथा दोर सुटत होता. आता मोटर चालू होऊन झटका बसला, तर तो सैल दोर चाकावरून उडणार, आणि उडताना शेजारच्यांना घेऊन जाणार. मी जाळीला तोंड लावून बोंब मारली, "मिस्त्री! चौथी उतरली! चौथी उतरली!"

"चौथ्यावर उतरली?" वरून आनंदाने उत्तर आलं. "बरं झालं! आणि तुम्ही?"

"अरे, दोर! दोर!"

"दार? हां, दार लावून घ्या! गाडी रिकामीच वर ओढून बघतो!"

मी ओरडत राहिलो, "थांब, थांब!" पण मोटरचा पंखा सुरू झाला होता, त्यात माझा आवाज काय पोचणार? घसा बसला. पुतणी मात्र ओरडली नाही. तिने गिटारची पाठ लिफ्टच्या भिंतीला घट्ट टेकवली आणि सगळ्या मोकळ्या तारा जोरात छेडल्या. मग परत. मग परत.

भिंत गुंजली, छत गुंजलं, अख्खी गाडी गिटारचं पोट झाली. छतावरून ते गुंजन दोरांत चढलं. ज्याचा जो सूर, तो दोर थरथरू लागला. दुसऱ्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा रोगी इंजेक्शनाशिवाय तोंड उघडं ठेवून झोपला म्हणतात. तो रोगी मला भेटलाय, म्हणून सांगतो.

मिस्त्रीला एक सवय होती: कळ दाबण्याआधी डावा तळवा दोरांवर ठेवायचा, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. ऐकू न येणाऱ्याचे हात भारी कानसेन असतात. पाच दोर हाताखाली नाचत होते. चौथा मेल्यासारखा गप्प होता.

पंखा बंद झाला.

"गाडीत माणूस आहे?" वरचा आवाज एकदम बारीक झाला होता.

पुतणीने उत्तर म्हणून तारा छेडल्या.

"वाजवत राहा पोरी! थांबू नको! हाताने चाक फिरवतो. बाकीचे पाच माझ्या तळव्याला कळू देत!"

मग बोट बोट, नखभर नखभर आम्ही खाली सरकू लागलो. दर काही क्षणांनी टिक्. ती वाजवत होती. अंगठ्याची साल निघाली, तारेला रक्त लागलं, तरी वाजवत होती. मोकळ्या तारांचं एक बरं असतं, डाव्या हाताला काही काम नसतं. तिचा डावा हात माझ्या हातात होता. कोणी कोणाचा धरला होता ते मी सांगणार नाही.

चौथ्या मजल्याचा उंबरा गुडघाभर खाली राहिला तशी मी तिला बाहेर ढकललं, मग गिटार, मग मी. वरून धाडकन आवाज आला. चौथा दोर साफ निखळून गाडीच्या छतावर वेटोळं घालून पडला होता.

मिस्त्री जिन्याने धापा टाकत चौथ्यावर उतरला. चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला सांगायला काय झालं होतं?" तो माझ्यावरच खेकसला.

दुसऱ्या आठवड्यात त्याने सहाही दोर नवे घातले आणि सगळे इतके नेमके ताणले, की ठोकले की एकच सूर. मी पुतणीला मोठ्या अभिमानाने ते ऐकवायला नेलं. तिने मान वाकडी करून ऐकलं आणि अंगठ्यावरची पट्टी सारखी करत म्हणाली, "बेसूर केली की हो लिफ्ट!"

आणि गिटार उचलून आठव्या मजल्यापर्यंत जिन्याने गेली.